तपासणीचा खर्च कोणी सोसावा?

आपल्या समाजाची स्मरणिका हाती आली की वाचक तीत काही ठराविक विषयांची अपेक्षा करतो. पूर्वजांच्या आगमनाची कथा, मातृभाषेच्या भवितव्याची चिंता, गणेशोत्सवाचा वृत्तांत, तरुण पिढीस चार हिताच्या गोष्टी, असे या पानांचे स्वरूप आजवर राहत आले आहे आणि ते योग्यही आहे. तथापि ज्या स्त्रियांनी ही भाषा चुलीपाशी बसून मुलांच्या मुखी घातली, ज्यांच्या हातांवाचून आपला एकही सण पार पडत नाही, त्यांच्या प्रकृतीचा विचार या पानांतून क्वचितच झालेला आढळतो. प्रस्तुत लेखात तो करण्याचे योजिले आहे. विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. मंगल प्रसंगी निघणाऱ्या अंकात असल्या रोगाचे नाव काढू नये असे काही ज्येष्ठांस वाटेल, हे मी जाणतो. परंतु मॉरिशसमधील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वाधिक प्रमाण याच रोगाचे आहे, असे राष्ट्रीय कर्करोग नोंदवहीवरून वर्षानुवर्षे दिसत आले आहे. ज्याचे नाव घेण्याचा आपण संकोच करतो ते संकट त्यामुळे उंबरठ्याबाहेर थांबत नाही. ते उशिरा ओळखले जाते, एवढेच.

या रोगाची वैद्यकीय चर्चा करणे हा माझा अधिकार नव्हे. ती वैद्यांनी करावी. मला वाचकांपुढे ठेवावयाचा आहे तो प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटेल. स्वतःस पूर्णपणे निरोगी समजणाऱ्या स्त्रीची या रोगासाठी तपासणी करावयाची झाल्यास तिचा खर्च कोणी सोसावा? सरकारने, विम्याने, मालकाने, की तिने स्वतः? माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. हा खर्च सार्वजनिक तिजोरीतून, पहिल्या पैपासून शेवटच्या पैपर्यंत झाला पाहिजे. आणि तो अर्धवट करणे हे न करण्याहून फारसे चांगले नाही. या मताची कारणे पुढे दिली आहेत. ती पटतात की नाही हे वाचकांनी ठरवावे.

प्रथम दोन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. स्त्रीच्या हातास गाठ लागली आणि ती डॉक्टरकडे गेली, तर तेथे होते ते निदान. कोणतीच तक्रार नसताना, केवळ वय झाले म्हणून तिची तपासणी केली, तर ती चाळणी. धान्य चाळताना आपण प्रत्येक दाण्यात खडा आहे असे समजत नाही. खडा असलाच तर तो दाताखाली येण्यापूर्वी हाती लागावा एवढाच हेतू असतो. स्तनाच्या कर्करोगासाठी ही चाळणी मुख्यत्वे मॅमोग्राफीने, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण छायाचित्राने होते. हातास लागण्याजोगी नसलेली गाठही या छायाचित्रात दिसू शकते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे जगातील मोठमोठ्या विमा योजनांनी किती वर्षे घालविली, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेत वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना इ. स. १९६५ मध्ये कायद्याने स्थापन झाली. तिच्या मूळ कायद्यात, आजाराचे निदान किंवा उपचार यांसाठी आवश्यक असेल तेवढाच खर्च द्यावा, असे बंधन होते. त्याचा परिणाम विचित्र झाला. गाठ असलेल्या वृद्धेच्या छायाचित्राचे पैसे योजना देई. गाठ नसलेल्या वृद्धेच्या छायाचित्राचे देत नसे. म्हणजे रोग वाढेपर्यंत थांबा, मग आम्ही आहोत, असाच त्या नियमाचा अर्थ झाला. गंमत अशी की, या तपासणीचा जगातील पहिला मोठा शास्त्रीय प्रयोग त्याच देशात, आणि तोही एका आरोग्य विमा संस्थेनेच केला होता. डिसेंबर १९६३ मध्ये न्यू यॉर्क येथील ‘हेल्थ इन्शुरन्स प्लॅन’ या संस्थेने आपल्या सभासदांपैकी सुमारे ६२,००० स्त्रियांचे, ज्यांचे वय ४० ते ६४ होते अशांचे, दोन गट पाडले. एका गटास छायाचित्र आणि हाताने तपासणी यांसाठी दर वर्षी बोलाविले. दुसऱ्या गटाची नेहमीप्रमाणे काळजी घेतली. पहिल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे १९७१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून जगास कळले.

ज्ञान हाती आले. पैसा मात्र हाती यावयास आणखी वीस वर्षे लागली. १९८८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने या तपासणीचा समावेश करणारा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी तो रद्दही केला. १९९० मध्ये पुन्हा तरतूद झाली आणि १ जानेवारी १९९१ पासून दर दोन वर्षांनी एका छायाचित्राचा खर्च मेडिकेअर देऊ लागली. १९९८ पासून ते दर वर्षी मिळू लागले. तरीही खर्चाचा पाचवा हिस्सा स्त्रीनेच भरावयाचा, ही अट राहिलीच. ती अट १ जानेवारी २०११ रोजी, आदल्या वर्षी झालेल्या आरोग्य सुधारणा कायद्यान्वये, गेली. एका साध्या छायाचित्राची ही पंचेचाळीस वर्षांची वाटचाल आहे.

पाचवा हिस्सा म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हे, असे कोणी म्हणेल. ज्यास स्वतःच्या जिवाची पर्वा आहे तो एवढे भरीलच, हा युक्तिवाद आपल्याकडेही नेहमी ऐकू येतो. यास उत्तर तर्काने देण्याचे कारण नाही, कारण ते प्रत्यक्ष मोजले गेले आहे. २००१ ते २००४ या काळात मेडिकेअरच्या १७४ योजनांतील स्त्रियांच्या नोंदी तपासून त्रिवेदी, रकोव्स्की आणि आयानियन या तीन संशोधकांनी आपला निबंध २००८ साली प्रसिद्ध केला. ज्या योजनांत स्त्रीस छायाचित्रासाठी दहा डॉलरहून अधिक किंवा खर्चाच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम द्यावी लागे, त्यांत तपासणी करून घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण संपूर्ण खर्च देणाऱ्या योजनांपेक्षा शेकडा ८.३ ने कमी होते. ज्या योजनांनी पूर्वी नसलेली ही आकारणी नव्याने सुरू केली, त्यांत तपासणीचे प्रमाण घसरले; ज्यांनी ती केली नाही, त्यांत ते त्याच काळात वाढले. गरीब आणि अल्पशिक्षित वस्त्यांतील स्त्रियांवर हा परिणाम अधिक झाला, हेही त्यांनी नोंदविले आहे.

याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. दुखणारा दात काढून घेण्यासाठी मनुष्य उसनेपासने करूनही पैसे आणतो. न दुखणाऱ्या अवयवाच्या तपासणीसाठी मात्र त्याच्या हातून खिशातील सुटी नाणीही निघत नाहीत. आणि घरातील स्त्रीचा प्रश्न असला म्हणजे विचारावयासच नको. मुलाची शिकवणी, सासऱ्यांचे औषध, घराचा हप्ता, लग्नाचा आहेर, या साऱ्यांच्या मागे तिचा क्रम लागतो. आणि तो तिचा तीच लावते. अंगावर दुखणे काढणे हा ज्या समाजात स्त्रीचा सद्गुण मानला गेला, तेथे दुखणे नसतानाच पैसे खर्च करण्याचा धीर तिला कोठून होणार? यास्तव तपासणीवर लावलेले अल्पसे शुल्कही प्रत्यक्षात सर्वांत गरजू स्त्रीसच दाराबाहेर उभे करते.

आता आपल्या शेजाऱ्याकडे पाहू. रेयुनियाँ बेट आपल्यापासून समुद्रमार्गे सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे. तेथेही उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. १८६० साली ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या कराराने त्या वाहतुकीस रीतसर स्वरूप आले. त्यांपैकी बहुतेक तमिळ प्रदेशातील होते आणि त्यांचे वंशज आज तेथे मलबार या नावाने ओळखले जातात. मळा तोच, ऊस तोच, चक्रीवादळेही तीच. परंतु १९४६ मध्ये रेयुनियाँ हा फ्रान्सचा एक जिल्हा झाला आणि कालांतराने तेथील नागरिकांस फ्रान्सच्या सार्वजनिक आरोग्य विम्याचे छत्र मिळाले. २००४ पासून संपूर्ण फ्रान्समध्ये लागू झालेल्या योजनेनुसार ५० ते ७४ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीस दर दोन वर्षांनी तपासणीचे निमंत्रण येते. छायाचित्राचा संपूर्ण खर्च सार्वजनिक विमा उचलतो. स्त्रीस आधी पैसे भरून मागाहून परत मागावे लागत नाहीत. एका तज्ज्ञाने निर्दोष ठरविलेले छायाचित्र दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घेतले जाते. सेंट डेनी येथील मळेवाल्याच्या मजुराची पणती आणि वाक्वा येथील मजुराची पणती यांच्या नशिबात एवढे अंतर का असावे, हा प्रश्न आपण स्वतःस विचारण्याजोगा आहे.

परंतु दुरून डोंगर साजरे दिसतात, हेही विसरता कामा नये. फ्रान्समध्ये एवढे सारे विनामूल्य असूनही निमंत्रितांपैकी निम्म्याहून कमी स्त्रिया या योजनेतील तपासणीस जातात. युरोपात इष्ट मानलेले प्रमाण शेकडा ७० आहे. म्हणजे खर्च हा एकच अडसर नाही. भीती आहे, संकोच आहे, अंतर आहे, वेळ नाही, आणि आपल्याला काय होणार आहे हा भाबडा विश्वासही आहे. शिवाय त्या योजनेतही एक खिंडार राहिलेले आहे. छायाचित्रात शंका आली आणि पुढे ध्वनिलहरींची तपासणी किंवा सुईने नमुना काढून पाहण्याची, म्हणजे बायोप्सीची, वेळ आली, तर तो खर्च शंभर टक्के दिला जात नाही. तो नेहमीच्या दराने परत मिळतो आणि उरलेला भाग पूरक विम्याने किंवा स्त्रीने सोसावयाचा असतो. अमेरिकेच्या मेडिकेअरमध्येही हेच दिसते. चाळणीचे छायाचित्र विनामूल्य. परंतु शंकानिरसनासाठी पुन्हा काढलेल्या छायाचित्राचा पाचवा हिस्सा स्त्रीकडे येतो. जिन्याची पहिली पायरी संगमरवराची आणि दुसरी मोडकी, अशातला हा प्रकार आहे. शंका निर्माण करून ठेवावयाची आणि तिचे निरसन करण्यासाठी पैसे मागावयाचे, यास मी अर्धवट काम म्हणतो. प्रारंभी ‘शेवटच्या पैपर्यंत’ असे जे म्हटले त्याचा अर्थ हा.

आपल्या बेटावरील व्यवस्था याहून निराळी आहे. येथे सार्वजनिक आरोग्य विमा नाही. सरकारी रुग्णालयांतून आणि आरोग्य केंद्रांतून मिळणारी सेवा करांतून चालते आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. ब्रिटनची पद्धतही मूलतः हीच. तेथे प्राध्यापक फॉरेस्ट यांच्या समितीने १९८६ मध्ये अहवाल सादर केल्यावर १९८८ पासून तपासणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि आज ५० ते ७१ वर्षांच्या आतील स्त्रियांस दर तीन वर्षांनी घरी पत्र येते. करातून चालणारी व्यवस्था हे काम करू शकत नाही, असे त्यामुळे कोणास म्हणता येणार नाही. किंबहुना विम्याच्या देशांत कोणत्या नियमाखाली पैसे द्यावे याचा जो खल वर्षानुवर्षे चालतो, तो आपल्या व्यवस्थेत करण्याचे कारणच नाही. येथे केवळ ठरविण्याचा अवकाश आहे.

मात्र ‘आपल्याकडे सारे फुकट आहे’ असे म्हणून समाधान मानणे हे स्वतःची फसवणूक करणे होय. आरोग्यावर या देशात होणाऱ्या एकूण खर्चाचा फार मोठा वाटा आजही कुटुंबे आपल्या खिशातून करतात. सरकारी रुग्णालयात दोन पैसे लागत नाहीत, हे खरे. परंतु तेथे जाण्यास सबंध दिवस लागतो, आणि दिवसाची मजुरी हीसुद्धा किंमतच आहे. मग ज्यास जमते तो खाजगी दवाखान्याची वाट धरतो आणि ज्यास जमत नाही तो घरी राहतो. आपल्या वाचकांस येथे एक जुनी गोष्ट आठवेल. गिरमिटाच्या काळात मळ्यावरील मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. या दुहेरी कपातीच्या जाचाविरुद्ध आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या साहाय्याने १८७१ मध्ये मजुरांनी अर्ज केला आणि त्यानंतर रॉयल कमिशन येथे चौकशीस आले. मळ्यावर रुग्णालय ठेवण्याचे बंधन मालकांवर कायद्याने होतेच. पण कामाचा दिवस बुडण्याच्या धाकाखाली जगणाऱ्या मजुरास त्या रुग्णालयाचा उपयोग किती, हे सांगावयास नको. दार उघडे ठेवणे आणि आत येण्याची सोय करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पणजोबांनी आपल्या अंगावर अनुभवले आहे. आज दुहेरी कपात नाही. परंतु आजारपणाची रजा ही आजाऱ्यासाठी असते. निरोगी स्त्रीने तपासणीसाठी ती मागावी कशी? मेडिकेअरच्या जुन्या नियमात जी विसंगती होती तीच येथे दुसऱ्या रूपाने उभी राहते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. या तपासणीपासून लाभच होतो, हानी काहीच नाही, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ब्रिटनमध्ये प्राध्यापक मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये सर्व पुराव्याची छाननी केली. तिचा हिशेब असा की, पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांस वीस वर्षे तपासणीस बोलाविले तर ४३ मृत्यू टळतात. आणि त्याच वेळी १२९ स्त्रियांमध्ये असा कर्करोग सापडतो, जो तपासणी झाली नसती तर त्यांच्या हयातीत कधीच कळला नसता व ज्याने त्यांचे काही बिघडलेही नसते. परंतु सापडला म्हणजे उपचार आले, शस्त्रक्रिया आली, चिंता आली. हे दोन्ही आकडे स्त्रीसमोर ठेवले पाहिजेत. तपासणी विनामूल्य असणे आणि ती लादली जाणे या दोहोंत मोठे अंतर आहे. माझा आग्रह पहिल्याचा आहे. सारे समजून घेऊन एखादी स्त्री नको म्हणाली तर तो तिचा अधिकार. परंतु पैशाअभावी तिला नको म्हणावे लागले तर त्यास निवड हे नाव देता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, लहान देशास प्रत्येक गावात क्ष-किरण यंत्र ठेवणे परवडणार नाही. याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस पूर्वजांच्या भूमीकडेच वळावे लागते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये तेथील झोपडपट्ट्यांतून एक प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे वस्तीनिहाय दोन गट करण्यात आले. एका गटातील स्त्रियांची स्तनतपासणी, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ हातांनी, दर दोन वर्षांनी चार वेळा केली. यंत्र वापरले नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात पोहोचलेले रुग्ण शेकडा ३७ निघाले. न तपासलेल्या गटात ते ४७ होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट एकत्र धरता घट शेकडा १५ भरली. ती योगायोगाची नव्हे असे खात्रीने म्हणण्याइतकी मोठी नव्हती, आणि पन्नाशीखालील स्त्रियांस मृत्यूच्या बाबतीत लाभ दिसला नाही, हेही सांगितलेच पाहिजे. ज्या झोपड्यांतून कोकणच्या आणि देशावरच्या कष्टकरी स्त्रिया राहतात, तेथे शिकविलेल्या हातांनी एवढे साधता येत असेल, तर आपल्या आरोग्य केंद्रांतील परिचारिकांच्या हातांनी ते का साधू नये? जागतिक आरोग्य संघटनेनेही मर्यादित साधनांच्या देशांनी आधी काय करावे याचा क्रम सांगितला आहे. २०२१ मध्ये आरंभिलेल्या तिच्या उपक्रमात तीन लक्ष्ये आहेत: किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यात सापडावेत; तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचे निदान ६० दिवसांच्या आत पूर्ण व्हावे; आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार अर्धवट न राहता पुरे व्हावेत.

या साऱ्यावरून आपल्या देशासाठी मला जो क्रम दिसतो तो असा. सर्वप्रथम, जिच्या हातास गाठ लागली आहे अशा स्त्रीस रांगेत महिनोन्महिने उभे राहावे लागू नये. गाठ सांगितल्या दिवसापासून साठ दिवसांत छायाचित्र, नमुना आणि निर्णय हे सारे झालेच पाहिजे. ही साखळी भक्कम नसता हजारो निरोगी स्त्रियांस बोलाविणे म्हणजे विहिरीस पाणी नसता पाणपोई उघडण्यासारखे आहे. दुसरे, पन्नाशी गाठलेल्या प्रत्येक स्त्रीस ठराविक अंतराने घरी पत्र जावे. ते तिला समजेल अशा भाषेत असावे आणि त्यात दिवस, वेळ व स्थळ नेमून दिलेले असावे. आपले नाव घालून आलेले पत्र संकोच मोडण्याचे काम करते. भिंतीवर चिकटविलेल्या जाहिरातीस ते साधत नाही. तिसरे, छायाचित्रानंतरच्या प्रत्येक पायरीस तोच नियम लागू व्हावा. सरकारी रुग्णालयात यंत्र बंद असेल किंवा रांग फार लांब असेल, तर सरकारने आपल्या खर्चाने खाजगी दवाखान्यात ती तपासणी करून द्यावी. चौथे, या कामासाठी वर्षाकाठी अर्धा दिवस पगारी सुटी कायद्याने मिळावी. कारखान्यांतून, हॉटेलांतून, मळ्यांतून आणि परक्यांच्या घरी काम करणाऱ्या स्त्रियांस याचा किती उपयोग होईल हे त्यांच्या मालकांसही ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे नोकरीमुळे किंवा स्वतःच्या ऐपतीने खाजगी विमा आहे, त्यांनी आपली पॉलिसी एकदा काढून शांतपणे वाचावी, अशी माझी विनंती आहे. ‘आजारासाठी आवश्यक’ अशा शब्दांखाली निरोगी माणसाची तपासणी वगळलेली तर नाही ना, हे पाहावे. आणि वगळलेली आढळल्यास ती समाविष्ट करण्याची मागणी आपल्या संघटनेमार्फत करावी. मात्र ज्याच्याकडे पॉलिसी आहे त्याचे भागले म्हणून त्याने सार्वजनिक व्यवस्थेविषयी उदासीन होणे हे आपल्या परंपरेस शोभणारे नाही. एका गलबतातून आलेल्यांनी परस्परांस ‘जहाजी भाई’ म्हटले ते त्यांचे गाव, जात वा भाषा एक होती म्हणून नव्हे.

उरला प्रश्न आपल्या मंडळ्यांचा. सरकारकडे मागणी करणे सोपे असते. आपल्या वाट्याचे काम करणे त्याहून कठीण. आपल्या मंडळ्यांपाशी सभागृहे आहेत, स्त्रियांचे मेळावे आहेत, गणेशोत्सवात एकत्र येणारी शेकडो कुटुंबे आहेत. वर्षातून एक दिवस सभागृहात पडद्याआड आरोग्यसेविकेस बसावयाची जागा देणे यास किती खर्च येतो? जी वृद्धा एकटी रुग्णालयात जावयास कचरते तिच्यासोबत शेजारच्या सुनेने जाणे यास कोणता ठराव लागतो? आणि पुरुषांस एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. घरातील स्त्रीने ‘मला काही होत नाही’ असे म्हटले की आपण ते खरे मानून मोकळे होतो, कारण ते खरे असणे आपल्या सोयीचे असते. तपासणीच्या दिवशी घरचा स्वयंपाक आणि मुलांची ने-आण यांचा भार उचलला, तर तोही या खर्चातील आपला हिस्साच होईल.

‘फुकटाची किंमत राहत नाही’ असे म्हणणाऱ्यांस शेवटी या बेटाचाच इतिहास दाखवावासा वाटतो. १८६७ सालच्या हिवतापाच्या साथीने येथे हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत आपले लोक फार मोठ्या संख्येने होते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर फवारणी झाली, डबकी बुजविली गेली, रक्त तपासले गेले. फवारणीस आलेल्या माणसाने कोणत्या घरात ताप आहे आणि कोणत्या घरात नाही हे विचारून पैसे मागितले नाहीत. निरोगी घरातही औषध शिंपडले गेले, आणि म्हणूनच १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे बेट हिवतापमुक्त झाल्याचे मान्य केले. चक्रीवादळानंतर १९७५ मध्ये तो रोग परत आला, तेव्हाही खर्च सार्वजनिकच झाला आणि तो पुन्हा हटविला गेला. त्या फुकटाची किंमत आपल्यापैकी कोणास कळली नाही?

हिवतापाच्या बाबतीत जे तत्त्व आपण निःसंकोचपणे स्वीकारले, तेच स्त्रियांच्या या रोगाच्या बाबतीत स्वीकारावे, एवढीच माझी मागणी आहे. प्रत्येक मंडळीने आपल्या पुढील सभेत या विषयाचा ठराव करून तो आरोग्य खात्याकडे धाडावा, आपल्या विभागाच्या लोकप्रतिनिधीस तो हातोहात द्यावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. ज्या माताभगिनींनी आपल्यासाठी कधी हिशेब ठेवला नाही, त्यांच्या जिवाचा हिशेब करताना समाजाने आणि सरकारने हात आखडता घेऊ नये.